दुखतं म्हणजे नेमकं कसं?

दहावीला माझ्याकडे मराठी शिकलेली एक मुलगी मागच्या महिन्यात अब्बांना घेऊन घरी आली. आता ती बारावी सायन्सला आहे. अब्बा टेम्पो चालवतात. खुर्चीत बसताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा धरला, हे माझ्या लक्षात आलं. चहा यायच्या आतच त्यांनी विषय काढला.

"मॅडम, तुमचं ती ऐकते. तिला जरा समजवा. म्हणते, फिजिओथेरपी करणार. फिजिओ म्हणजे काय, मालिशच ना? इतकी वर्षं शिकवायचं आणि मुलीनं लोकांचे हातपाय चोळत बसायचं?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. मग हळूच म्हणाली, "टीचर, मला हे काम आवडतं. पण खरं सांगू? अब्बा म्हणतात त्यातलं थोडं मलाही वाटतं. फिजिओ झाल्यावर पुढे काय? जन्मभर एका खोलीत लोकांचे गुडघेच वाकवायचे?"

त्या दिवशी मी दोघांनाही अर्धंमुर्धं उत्तर देऊन वाटेला लावलं. पूर्ण उत्तर शोधायला मला महिना लागला. ते उत्तर त्या दोघांपुरतं ठेवावंसं वाटलं नाही, म्हणून इथं मांडते आहे. पण सुरुवात मला माझ्या घरापासूनच करावी लागेल.

अम्मीची कंबर

माझी अम्मी आता सत्तरीच्या पुढे आहे. तिची कंबर मी शाळेत होते तेव्हापासून दुखते. ईदच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात कामाचा डोंगर असायचा आणि अम्मी मध्येच भिंतीला टेकून बसायची. तेव्हा आमच्या फुफी म्हणायच्या, "काम आलं की हिची कंबर बरोबर दुखते." सगळे हसायचे. मीही हसले आहे. आज ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

पुढे तिचा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये मोठमोठे शब्द होते. मणक्यात गॅप आहे, गादी झिजली आहे, वाकू नका, उचलू नका, असं सांगण्यात आलं. अम्मीनं ते इतकं मनावर घेतलं की जमिनीवरची जानमाज घडी करून कपाटात ठेवली आणि नमाज खुर्चीवर सुरू केली. शेजारपाजारी जाणं बंद झालं, मग चालणंही. दोन वर्षांत दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं.

शेवटी एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीकडे तिला नेलं. त्या मुलीनं रिपोर्ट बाजूला ठेवला, स्टूल ओढून ती अम्मीच्या समोर बसली आणि विचारलं, "अम्मी, दुखतं म्हणजे नेमकं कसं दुखतं?" अम्मी पंधरा मिनिटं बोलत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "इतक्या वर्षांत हे आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

मालिश करणाऱ्यात आणि फिजिओथेरपिस्टमध्ये काय फरक आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दुखण्याचे शब्द

मी भाषेची शिक्षिका, त्यामुळे त्या प्रश्नानं मला वेगळ्याच कामाला लावलं. आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. कळ येते, सणक जाते, ठणका लागतो, चमक निघते, उसण भरते, रग लागते. जखम ठसठसते आणि खरचटलेलं चुरचुरतं. उर्दूत टीस आहे, कसक आहे, जलन आणि चुभन आहे. यातला एक शब्द काढून त्या जागी दुसरा ठेवता येत नाही. ठणका लागलेला माणूस "चुरचुरतंय" असं कधी म्हणणार नाही.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी हेच इंग्रजीत केलं. रुग्ण दुखणं सांगताना कोणते शब्द वापरतात ते त्यांनी गोळा केले, असे ७८ शब्द २० गटांत लावले आणि १९७५ मध्ये त्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जगभर ती वापरली गेली. शब्दांवरून तपासणाऱ्याला दिशा मिळते. आग होते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं वाटतं, असं कुणी सांगितलं तर दुखणं नसेचं असू शकतं, अशी शंका घ्यायला जागा असते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनं १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली होती आणि २०२० मध्ये ती सुधारली. वेदना हा शरीराचा अनुभव आहे तसाच मनाचाही आहे, हे त्या व्याख्येत आहे. सोबतच्या टिपणात आणखी एक गोष्ट सांगितली आहे: माणूस 'मला दुखतंय' म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. आमच्या स्वयंपाकघरात तो कुणी राखला नव्हता.

फिजिओथेरपीतून पुढे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. फिजिओ झाल्यावर पुढे काय?

मिशेल बॅटिए या बाईंचं उदाहरण घ्या. शिक्षणानं त्या फिजिओथेरपिस्ट. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बोइंग या विमान कारखान्यात कामगारांच्या कंबरदुखीचा मोठा अभ्यास झाला, त्यात त्या होत्या. ३ हजारांवर कामगारांना तपासून काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांची ताकद कमी त्यांची कंबर आधी जाईल, असं वाटत होतं. पण १९९१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा ताकदीच्या चाचण्यांवरून फारसं काही सांगता आलं नाही. उलट, ज्यांना आपलं काम जवळपास कधीच आवडत नव्हतं, त्यांनी कंबरेची तक्रार करण्याचं प्रमाण इतरांच्या अडीचपट होतं. याचा अर्थ ते खोटं बोलत होते, असा नाही. मनावरचं ओझं कमरेपर्यंत पोचतं, असा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी त्यांनी फिनलंडमधल्या टापिओ व्हिडेमन यांच्यासह जुळ्या भावंडांचा अभ्यास सुरू केला. कल्पना साधी आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. एक भाऊ जन्मभर ओझी उचलत राहिला आणि दुसरा टेबलाशी बसून राहिला, तर दोघांच्या मणक्यांत जो फरक दिसेल तो कामाचा. अशा ११५ जोड्यांचे एमआरआय त्यांनी पाहिले. १९९५ मध्ये आलेला निष्कर्ष अनेकांना पटेना. कमरेच्या वरच्या भागातल्या गाद्यांची झीज पाहिली, तर जड कामानं त्यातला फक्त ७ टक्के फरक उलगडत होता. वय धरलं तर १६ टक्के. आणि आपण कोणत्या कुटुंबात जन्मलो हे धरलं, तर तो आकडा ७७ टक्क्यांवर जात होता. कुटुंबात जनुकंही आली आणि लहानपणीचं घरही आलं.

टेम्पो चालवणाऱ्या अब्बांसाठीही त्यांच्याकडे उत्तर आहे. जुळ्यांच्या ४५ जोड्या त्यांनी अशा घेतल्या की एक भाऊ पोटासाठी गाडी चालवणारा आणि दुसरा नाही. २००२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ड्रायव्हर भावाच्या गाद्या दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेल्या आढळल्या नाहीत. तासन्‌तास बसून कंबर आखडते, दुखते, हे खरंच आहे. पण दुखणं म्हणजे आत काही मोडलंय, असं दर वेळी नसतं.

अम्मीच्या रिपोर्टचा उलगडाही मला इथंच झाला. ज्यांना काहीच दुखत नाही अशा ३ हजारांहून जास्त लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या आहेत. न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांत ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. विशीतल्या तरुणांतही ३७ टक्के. म्हणजे गादीची झीज ही बरीचशी केस पांढरे होण्यासारखी आहे. हे त्या वेळी अम्मीला कुणी सांगितलं असतं, तर जानमाज कपाटात गेली नसती.

ज्यांना दुखतच नाही

जनुकांचा वाटा आहे म्हटल्यावर, कोणतं जनुक, हा प्रश्न आलाच. त्याचा एक मोठा धागा पाकिस्तानच्या उत्तर भागात सापडला. तिथं दहा वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला वेदना कळतच नव्हती. केंब्रिजचे डॉक्टर जेफ्री वुड्स आणि त्यांचे सहकारी त्याला तपासणार, त्याआधीच चौदाव्या वाढदिवशी त्यानं छतावरून उडी मारली आणि तो गेला. दुखणं माहीत नसल्यामुळे भीतीही माहीत नव्हती.

पुढे त्याच भागातल्या तीन कुटुंबांत अशी सहा मुलं आढळली. सगळ्यांच्या ओठांना, जिभेला स्वतःच्याच दातांनी केलेल्या जखमा होत्या. २००६ मध्ये कारण छापून आलं. एससीएन९ए नावाचं जनुक नसेमध्ये एक बारीक दार तयार करतं. त्या दारातून सोडियम आत गेला की वेदनेचा निरोप पुढे सरकतो. या मुलांमध्ये ते दार तयारच होत नव्हतं. त्याआधी २००४ मध्ये चीनमध्ये याच जनुकातल्या उलट्या बिघाडाचे रुग्ण सापडले होते. त्यांचं दार गरजेपेक्षा जास्त उघडायचं आणि हातपाय आगीत धरल्यासारखे जळायचे.

अशाच दुसऱ्या एका दाराला अडवणारं सुझेट्रिजीन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अफूच्या जातीच्या औषधांसारखं ते व्यसन लावणारं नाही, म्हणून त्याचं मोल जास्त.

इथं एक गोष्ट आपल्या घरांशी जोडलेली आहे, ती टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. त्या तिन्ही कुटुंबांत नात्यातली लग्नं होती. असा आजार व्हायला बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं, आणि नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांचा अभ्यास झाला. जन्मजात व्यंगाचं प्रमाण एरवी सुमारे ३ टक्के, तर चुलत-मामे-मावस-आते भावंडांच्या लग्नात सुमारे ६ टक्के आढळलं. म्हणजे दुप्पट, पण शंभरातली ९४ बाळं निरोगी, हेही तितकंच खरं. कुणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. घरात आधी असा आजार झालेला असेल, तर लग्न ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं आणि लपवू नये, एवढंच म्हणते.

जनरल रजिस्टर आणि बायोबँक

पण साधी कंबरदुखी, मानदुखी एका जनुकानं होत नाही. त्यात शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. तो शोधायला दहा-वीस कुटुंबं पुरत नाहीत, लाखो माणसं लागतात. त्यासाठी बायोबँक हवी.

सगळ्यात प्रसिद्ध बायोबँक ब्रिटनमध्ये आहे. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या ५ लाख लोकांनी तिला रक्त, लघवी आणि आपली माहिती दिली. नमुने उणे ८० अंशांवर गोठवून ठेवले आहेत. मागच्या महिनाभरात तुमच्या रोजच्या कामात अडथळा येईल असं काय दुखलं, डोकं, मान, पाठ, पोट, गुडघा की सगळं अंग, असाही एक प्रश्न त्यांना विचारला होता. अम्मीला त्या मुलीनं विचारलेला प्रश्नच ५ लाख लोकांना विचारला गेला म्हणा ना.

त्या उत्तरांतून पुष्कळ काही निघालं. २०१८ मध्ये अशा १ लाख ५८ हजार लोकांच्या माहितीवरून जुनाट पाठदुखीशी जोडलेल्या तीन जागा जनुकांच्या साखळीत सापडल्या. त्यातली एक कूर्चा घडवण्यात भाग घेणारी, तर दुसरी नसांना वाट दाखवणारी. पुढच्याच वर्षी, शरीरात अनेक ठिकाणी दुखणाऱ्यांच्या अभ्यासात ३९ जागा सापडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच मेंदूच्या कामाशी जोडलेल्या निघाल्या.

हे सगळं जिच्यावर उभं आहे ती गोष्ट आम्हा शिक्षकांना चांगली ठाऊक आहे. आमच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. पहिलीच्या प्रवेशाला नावात एक काना चुकला किंवा जन्मतारीख चुकली, की ते मूल पुढे दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत हेलपाटे घालत राहतं. बायोबँकेची माहिती सांभाळणारा माणूस हे असंच रजिस्टर सांभाळतो, फक्त ५ लाख लोकांचं. तिथं नाव नसतं, क्रमांक असतो, कारण दिलेली माहिती ही अमानत आहे. एखाद्यानं 'माझी माहिती आता वापरू नका' असं कळवलं, तर त्याची ओळ पुढच्या अभ्यासांतून काढावी लागते.

एक गंमत सांगते. त्या ब्रिटनच्या नोंदींत 'माहीत नाही' या उत्तराला उणे १ आणि 'सांगायचं नाही' याला उणे ३ असे आकडे दिलेले आहेत. हे ध्यानात न घेता कुणी सरळ सरासरी काढली, तर उत्तर साफ चुकेल. संगणक काही बोलणार नाही, तो मुकाट्यानं चुकीचं उत्तर छापेल. इथंच ज्यानं रुग्ण पाहिले आहेत त्याचा उपयोग होतो. 'दुखत नाही' आणि 'सांगत नाही' यांतला फरक ज्याला खोलीत कळला, तोच तो तक्त्यातही ओळखेल. म्हणून फिजिओथेरपिस्ट जनुकांकडे आणि तिथून माहितीच्या व्यवस्थापनाकडे वळतो, तेव्हा तो आपलं मूळ काम सोडत नाही. पहिल्या खोलीतलं शिक्षण तो सोबत घेऊन जातो.

या रजिस्टरात आपण कुठे?

ब्रिटनच्या त्या बायोबँकेत शंभरातले ९४-९५ लोक गोरे आहेत. २०१८ चा तो पाठदुखीचा अभ्यासही युरोपीय वंशाच्या लोकांपुरताच होता. तिथं सापडलेलं आपल्याला किती लागू पडेल, हे आपली माहिती असल्याशिवाय कळणार कसं? लंडनच्या पूर्व भागात २०१५ पासून खास बांगलादेशी आणि पाकिस्तानी कुटुंबांसाठी असं काम सुरू झालं आहे. आपल्या देशात १० हजार लोकांच्या जनुकांचं वाचन पूर्ण करून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली. फरीदाबादच्या सरकारी केंद्रात ती ठेवलेली आहे. सुरुवात चांगली आहे. पण ही रजिस्टरं भरायला, वाचायला आणि सांभाळायला आपल्या भाषा जाणणारी माणसं लागतील. 'उसण' आणि 'ठणका' यांतला फरक जाणणारी मुलगी तिथं हवी. ती आपल्या वस्तीतली का नसावी?

पालकांसाठी थोडं कामाचं सांगते. फिजिओथेरपीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हवं. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतो. पदवी इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची होती. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ती वर्षभराच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांची झाली आहे. नियम बदलत असतात, अर्ज भरताना ताजी माहिती पुस्तिका वाचा. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण, मग संशोधन. जनुक आणि संगणक एकत्र शिकायचे असतील तर पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मॅटिक्सचं केंद्र १९८७ पासून आहे. गणिताशी मात्र दोस्ती हवी, संख्याशास्त्राशिवाय ही वाट चालता येत नाही. आणि हेही लपवत नाही की वाट लांब आहे, सुरुवातीला पैसे कमी आहेत, प्रत्येकीनं इतक्या लांब जायलाच हवं असंही नाही. एका खोलीत बसून माणसाला 'नेमकं कसं दुखतं?' असं विचारणं हेही लहान काम नव्हे.

अम्मीचं सांगायचं राहिलं. त्या मुलीनं तिला आधी घरातल्या घरात दहा पावलं चालवलं, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. दुखणं संपलेलं नाही. पण आठेक महिन्यांनी एका पहाटे मी उठले तर जानमाज जमिनीवर अंथरलेली होती. त्या दिवशी मी ईदच्या आदल्या दिवसांचं ते हसणं आठवून तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू तेव्हा लहान होतीस." मी तेवढी लहान नव्हते.

तेव्हा भाई, तुमच्या मुलीला तिची वाट धरू द्या. आणि एक काम आजच करा. तुमची कंबर किती वर्षांपासून, कशी आणि केव्हा दुखते, ते तिला नीट सांगा. ती वहीत लिहून घेईल. तिच्या रजिस्टरातली पहिली नोंद तुमची असू द्या.